गर्द सुटलं, पण जिभेखालच्या गोळीवरचं आयुष्य असंच असतं का?

कल्याणपलीकडची

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. नाव-गाव कृपया विचारू नका.

माझे मिस्टर लग्नाआधीपासून गर्द ओढायचे. मला कळलं लग्नानंतर. आधी पन्नीवर, शेवटी शेवटी सुया. आता साधारण दीड वर्ष झालं, सरकारी हॉस्पिटलातल्या ओएसटी सेंटरवर (तिथे गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देतात) रोज सकाळी जिभेखाली गोळी घेतात. गर्द पूर्ण बंद आहे. घरातल्या वस्तू घरातच असतात. आंघोळीला जाताना मंगळसूत्र कपाटावर काढून ठेवलं तरी आता धास्ती वाटत नाही. एवढ्यासाठी तरी मी त्या गोळीचे पाय धरीन.

पण बाकीचं सांगते. सासूबाई म्हणतात, एक सोडली नि दुसरी धरली. दीर म्हणतो, महिनाभर कुठेतरी ॲडमिट करा, मोकळा होऊन येईल. हे स्वतः काहीच बोलत नाहीत. सकाळी सेंटर, तिथून कुरिअरच्या गोडाऊनला, संध्याकाळी घरी आले की मोबाईल घेऊन आडवे. घाम फार येतो, रात्री उशी ओली होते. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. झोप नाही म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणतात. पहाटे चारला उठून बसतात, जांभयांवर जांभया, नाक गळतं, अंग दुखतं. चिडत नाहीत, ओरडत नाहीत, पण हसतही नाहीत. चार वर्षांची मुलगी अंगावर चढली तर तिला उचलून बाजूला ठेवतात. नवरा-बायको म्हणून जे असतं तेही जवळजवळ नाहीच. हे लिहायला लाज वाटते, पण दुसरीकडे कुठे लिहू?

गणपतीला संगमेश्वरला गेलो नाही. रोज गोळी घ्यायची तर जाणार कसे? भावकीत सांगितलं, रजा मिळाली नाही. आता शिमग्याचं काय सांगू?

सेंटरवर विचारलं तर म्हणाले, पेशंट स्टेबल आहे. स्टेबल म्हणजे एवढंच का? आणि हे किती दिवस चालायचं? यातून स्वतः गेलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

---

निरामय_साधक

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. केमिकल ते केमिकल. तुमचे पती नशेतून बाहेर आलेलेच नाहीत, फक्त दुकान बदललं. गोळी एका झटक्यात बंद करा, आठवडाभर त्रास होईल, तो सहन करायचा. रोज प्राणायाम, सात्त्विक आहार. इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही. माझ्या परिचयातल्या एकाने दारू अशीच सोडली.

---

परिचारिका_मी

ताई, वरचं कृपया करू नका. मी काही वर्षं अशाच एका सेंटरवर नर्स होते, आता दुसऱ्या वॉर्डला आहे. डॉक्टर नाही, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

एका झटक्यात बंद केलं तर काय होतं ते आधी सांगते. त्रास आठवडाभरातच संपेल असं नाही, लांबूही शकतो. पण बरेच जण त्या त्रासातच किंवा तो संपल्यावर पुन्हा गर्दकडे वळतात, आणि तोवर शरीराची सवय उतरलेली असते. जुन्या अंदाजाने घेतलेला डोस मग श्वास बंद करतो. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यांत जिवावरचे असतात. आमच्या रजिस्टरमधली जी नावं मला अजून आठवतात, ती बहुतेक अशीच गेलेली.

आता तुम्ही लिहिलेल्या लक्षणांबद्दल. पहाटे चारच्या जांभया, नाक गळणं, अंगदुखी, घाम हे वाचून मला वाटतं, गोळी जास्त होत नाहीये, पुरत नाहीये. तिचा असर पुढच्या सकाळपर्यंत टिकत नाही. घाम एरवीही येतो, पण सगळं मिळून पहाटे येत असेल तर डोस विचारा. या जिभेखालच्या गोळीचं नाव ब्युप्रेनॉर्फिन, ती २ आणि ०.४ मिलिग्रॅमची येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगून ठेवलंय की टिकून राहायला सरासरी रोज निदान ८ मिलिग्रॅम लागतात. माझ्या पाहण्यातले कितीतरी पेशंट ४ वर अडकलेले असायचे, आणि ते डॉक्टरांमुळे नाही. घरचे विचारतात ना, "अजून वाढवली? कमी कधी होणार?" म्हणून पेशंटच वाढवून मागत नाही.

झोपेच्या गोळीचं आजच्या आज सेंटरवर सांगा. ब्युप्रेनॉर्फिन एकटं असताना त्याचा असर एका मर्यादेपुढे वाढत नाही, म्हणून ते तसं सुरक्षित. पण नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू सोबत गेली की ती सुरक्षितता राहत नाही. स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, त्यानेही फिट येऊ शकते. डॉक्टर उतरवून देतील.

पोटासाठी इसबगोल, भरपूर पाणी, नाही भागलं तर लॅक्ट्युलोज. चार-चार दिवस अंगावर काढायचं नाही. नवरा-बायकोच्या गोष्टीत लाजण्यासारखं काही नाही. अफूच्या जातीच्या सगळ्याच औषधांनी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं. मेथाडोन नावाच्या अशाच दुसऱ्या औषधापेक्षा या गोळीने कमी, पण उतरू शकतं. रक्ताची साधी तपासणी आहे. त्यासोबत साखर आणि थायरॉइडही बघून घ्या. आणि मुलीला उचलून बाजूला ठेवणारा माणूस नैराश्यात आहे का, हे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी बघायला हवं. त्याचा इलाज वेगळा असतो, ही गोळी ते काम करत नाही.

सुया टोचल्या आहेत, तर एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सीची तपासणी झाली का? झाली नसेल तर करून घ्या. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे, आणि बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो आजार पूर्ण बरा होतो.

सेंटरवर कुणी नीट बोलत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तिथेही विचारता येईल.

---

बंद_पडलेली_लिफ्ट

वहिनी, मी लिफ्ट मेकॅनिक आहे, मुंबईतच. गोळीवर आहे, तुमच्या मिस्टरांपेक्षा खूप आधीपासून. ताईंनी औषधाचं सगळं सांगितलंय, मी त्यात पडत नाही. मी गोळीच्या बाहेरचं सांगतो, कारण ते सेंटरवर कुणी सांगत नाही.

आधी तुमच्या दिराचं. महिनाभर राहून आलोय मी. मराठी घरात व्यसनमुक्ती म्हटलं की १९८६ पासून सगळ्यांना पुण्याचं मुक्तांगण आठवतं, नि तशा ठिकाणी राहून सुटलेली माणसं मी पाहिलीत, त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. दारूवाल्यांना तर फार गुण येतो. पण गर्दवाल्याची गोष्ट वेगळी. टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरचा त्रास, संपते, अंग मोकळं होतं, माणूस घरी येतो, आई गोडधोड करते, आणि तिसऱ्या दिवशी तो पुडीवाल्याच्या दारात. अंगातून गेलं तरी डोक्यातून जात नाही. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदा माझं डोकं गप्प झालं. दोन-तीन आठवड्यांत. नशा वगैरे काही येत नाही हो, सवय असलेल्याला ती गोळी चढत नाही. नुसतं गप्प होतं. मी केबिनच्या डोक्यावर उभा राहून शाफ्टमध्ये काम करतो, वर मशीन, खाली दहा मजले. गुंगी असती तर आज हे लिहायला नसतो. सुरुवातीला डोस बसेपर्यंत मात्र मी खालचंच काम मागून घेतलं होतं.

आता स्टेबल. आमच्या सेंटरवर एकदा कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती, अभ्यासासाठी. जागतिक आरोग्य संघटनेचे सव्वीस प्रश्न. मला वाटलं, विचारेल किती वेळा घेतलं, कुणाबरोबर घेतलं. तर ती विचारतेय, झोप समाधानाची लागते का, पैसे पुरतात का, राहता ती जागा कशी आहे, जायला-यायला सोय आहे का, लैंगिक आयुष्याबद्दल समाधानी आहात का, मित्र मदतीला येतात का. मी सटासट एक ते पाचात आकडे सांगत गेलो. मग आलं, फुरसतीच्या वेळात मन रमवायला किती वाव मिळतो? तिथे अडकलो.

वहिनी, गर्दुल्ल्याला फुरसत नसते. लोकांना वाटतं आम्ही पडून असतो. छे! सकाळी उठल्यापासून पैसे उभे करा, मग माल आणा, मग जागा शोधा, मग ओढा, की पुन्हा पैसे. ती ड्यूटीच असते, रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. गोळीने ती ड्यूटी एका दिवसात गेली. हातात काय राहिलं? संध्याकाळी सहा ते रात्री दहा. बायको टीव्ही बघतेय, मी भिंत. जुने मित्र सगळे तिकडचे, नवे कुठून आणणार? तुमचे मिस्टर मोबाईल घेऊन पडतात ते मला पूर्ण समजतं. त्यांना काय करायचं तेच ठाऊक नाही, नि विचारायचं कुणाला हेही नाही. मी फोरमनला सांगून संध्याकाळचे ब्रेकडाउन कॉल घेतले. लोक कामावरून घरी येतात तेव्हाच लिफ्ट अडकते, सहा ते दहा फोन थांबत नाही. पैसे जास्त मिळाले ते सोडाच, अडकलेल्या केबिनचं दार उघडल्यावर आतली म्हातारी "देवासारखा आलास बाबा" म्हणते, ते कुठल्या औषधात मिळणार? मिस्टरांना काय जमेल ते तुम्हाला जास्त माहीत. पण ते चार तास रिकामे ठेवू नका.

दुसरी गोष्ट लाईनची. बाहेरच्या माणसाला वाटतं, गोळी फुकट आहे, रोज जाऊन घ्यायला काय जातं. सेंटर उघडतं नऊला, साइटवर पोचायचंही नऊला. आता काय कराल? आमच्या सेंटरची लाईन ओपीडीच्या भिंतीला लागून, येणारा-जाणारा बघतो. एकदा बिल्डिंगमधले काका बीपी दाखवायला आलेले, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, नि संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आत सिस्टर गोळी कुटून पावडर करतात, जिभेखाली टाकतात. कडू जहर. तोंड मिटून बाकड्यावर बसायचं, थुंकी गिळायची नाही, विरघळेपर्यंत. मग तोंड उघडा, जीभ वर करा, इकडे करा, तिकडे करा. माझे केस पांढरे झालेत, नि भाचीच्या वयाच्या पोरीला रोज जीभ दाखवायची. पोरगी गोड आहे बिचारी, तिचा दोष नाही. कोणी गोळी गालात दाबून बाहेर विकतो म्हणून हे सगळ्यांना भोगावं लागतं. डॉक्टर लोक म्हणतात, डायबेटिसवाला इन्सुलिन घेतो तसंच हे. पटत नाही मला. इन्सुलिनवाल्याला कोणी रोज लाईनीत उभं करून तोंड तपासत नाही.

शिवाय लाईनीत कोण भेटतं? जुनी कंपनी. पुडीवाल्यालाही पत्ता माहीत, गेटबाहेर पानाच्या टपरीवर उभाच असतो. पहिली काही वर्षं मी गोळी घेऊन मागच्या गेटने, केसपेपरच्या खिडकीजवळून सटकायचो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये वरून परवानगी आली नि आम्हाला आठवड्याच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या. वहिनी, जगात सगळे रडत होते नि मी सकाळी सातला घरच्या खाटेवर बसून गोळी घेऊन चहा पीत होतो. आमच्या लाईनीतले बरेच जण मस्त राहिले त्या काळात. कुणी विकल्या असतील, नाही म्हणत नाही. पुढे आमच्याकडे हळूहळू परत रोजचं सुरू झालं. मी नेटाने मागत राहिलो, आता मला ठरावीक दिवसांच्या घरी मिळतात. यासाठी दोन गोष्टी कामाला आल्या. हजेरी कधी चुकवली नाही, नि लघवीची तपासणी कधीही करा म्हणून मीच सांगितलं. न मागता कुणी देत नाही.

दातांचं कुणी सांगितलं का? माझी मागची दोन दाढं गेली तेव्हा कळलं. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये इशारा दिलाय की तोंडात विरघळणाऱ्या या गोळीने दात किडू शकतात. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा घोट तोंडात फिरवून गिळायचा, नि तासभर ब्रश करायचा नाही. दातवाल्याकडे किंवा कुठल्याही ऑपरेशनला जाताना गोळी चालू आहे ते आधी सांगायचं, नाहीतर दुखणं थांबवायचं त्यांचं औषध नीट लागू पडत नाही नि तुम्ही नाटकी ठरता.

किती दिवस, हा तुमचा प्रश्न. ठरलेली तारीख नसते. काही जण दोन-तीन वर्षांत हळूहळू उतरवून सुटतात. डॉक्टरांनी माझीही ०.४ च्या पायरीने उतरवून बघितली. निम्म्यावर आल्यावर झोप उडाली, शाफ्टमध्ये हात थरथरायला लागला. मी म्हटलं, डॉक्टर, परत वर न्या. नेली. व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो तिथे काही जण अजून म्हणतात, तू क्लीन नाहीस, मागे बसून ऐक. बसतो मागे. माझ्या मुलाची फी वेळेवर जाते, माझ्या नावावर पासबुक आहे. मला घाई नाही. घाई सासूबाईंना आहे, त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी भोगलंय. पण डोस त्यांनी ठरवायचा नाही.

---

निरामय_साधक

मी चांगल्या भावनेने लिहिलं होतं. असो.

---

कल्याणपलीकडची

सिस्टर, दादा, काय लिहू? रात्री यांना दोघांची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. भाचीच्या वयाच्या पोरीला जीभ दाखवायची, तिथे हे हसले. मग म्हणाले, आपल्या इथे तर सिस्टर शाळेतली माझी ज्युनियर आहे. दीड वर्षात हे मला माहीत नव्हतं.

डोस चार आहे. सिस्टरांचं खरं निघालं, यांनीच वाढवू दिला नाही. म्हणाले, आई रोज विचारते. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं मी मोजली. जेवढं सांगत होते त्यापेक्षा जास्त आहेत. सोमवारी मी सोबत जातेय. शिमग्यासाठी गोळ्या घरी मागू का, की आत्ता मागणं बरं दिसणार नाही?

---

परिचारिका_मी

सोमवारी आधी झोपेच्या गोळ्यांचं बोला, पाकिटं सोबत न्या. ते मिटल्याशिवाय कुठलाच डॉक्टर घरी गोळ्या देणार नाही, आणि देऊही नये. डोस वाढवला तर बसायला थोडे दिवस जातील. शिमग्याला वेळ आहे, पण अर्ज आत्ताच द्या. रत्नागिरी बाजूला जवळपास कुठे सेंटर आहे का तेही तिथेच विचारा. एका सेंटरच्या चिठ्ठीवर दुसरीकडे डोस मिळण्याची सोय असते.

---

बंद_पडलेली_लिफ्ट

अर्ज लेखीच द्या वहिनी, तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात. कोणत्या तारखेला जाणार, कधी परतणार, एसटीचं रिझर्वेशन असेल तर त्याची झेरॉक्स. गोळ्या मिळाल्या तर सेंटरचं कार्ड नि डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटासोबतच ठेवायची, प्रवासातसुद्धा. ही गोळी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, वाटेत पोलिसांनी बॅग उघडली तर कागद दाखवता आला पाहिजे.

आणि घरात मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून सांगतो. मोठ्याला लागते ती एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. उशीखाली, शर्टाच्या खिशात, देव्हाऱ्यात ठेवायची नाही. मी स्टीलचा डबा घेतलाय कडीचा, कुलूप आहे, किल्ली बायकोकडे. गावी माणसं जास्त, पोरं सगळीकडे हात घालतात, तिथे तर डबा तुमच्याच बॅगेत.